अमेरिकेंतील मुक्त दासांचीं कुटुंबें व त्यांचे कागद

इ. स. १८६० च्या खानेसुमारींत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३९,५३,७६० दास असल्याचें नमूद आहे. आंकडा इतका नेमका आहे कीं, त्यामागें माणसागणिक स्वतंत्र नोंद झाली असली पाहिजे असें वाचकांस सहजच वाटेल. नोंद झाली खरी. परंतु ती कशी हें पाहण्यासारखें आहे. दासांचा तक्ता निराळा ठेवीत. त्यांत वर धन्याचें नांव, व खालीं एकेका ओळींत वय, लिंग व वर्ण. थोडे अपवाद वगळतां दासाचें नांव कोठेंच नाहीं. मग बाप, आई, नवरा, बायको हीं नातीं कोठून असणार? १८५० चा तक्ताहि याच नमुन्याचा. धन्यांच्या खासगी दप्तरांत, म्हणजे मृत्युपत्रें, मालमत्तेच्या याद्या व खरेदीखतें यांत, दासांचीं पहिलीं नांवें मिळतात. पण तीं किंमतीच्या रकान्याशेजारीं. पेशवाईंतील कुणबिणी-बटकींचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस हा प्रकार अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

दहा वर्षांनंतरच्या, म्हणजे १८७० च्या, खानेसुमारींत हींच माणसें नांव-आडनांवासह, घरोघर, मुलांबाळांसकट उभीं आहेत. (त्या साली नात्याचा रकाना नव्हता, कुटुंबप्रमुखाशीं नातें काय, हा प्रश्न प्रथम १८८० सालीं विचारला गेला. म्हणून १८७० च्या यादींत एका घरांत दिसणारें मूल त्या घरचेंच असें धरून चालणें धोक्याचें आहे.) मधल्या दहा वर्षांत यादवी युद्ध झालें, १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला, आणि डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें दास्य कायद्यानें संपलें. पण कुटुंबें हीं जाहीरनाम्यानें निघत नाहींत. तीं आलीं कोठून?

या प्रश्नास एक उत्तर पुष्कळ दिवस प्रचलित होतें. दास्यांत कुटुंबसंस्था मुळींच उरली नव्हती, व मुक्तीनंतर तिची उभारणी कशीबशी झाली, असें तें उत्तर. १९६५ सालीं मजूरखात्यांतील डॅनियल पॅट्रिक मोयनिहॅन यांनीं कृष्णवर्णी कुटुंबांविषयीं जें प्रसिद्ध टिपण लिहिलें त्यांत हीच समजूत पायाशीं होती. हर्बर्ट गटमन यांनीं १९७६ सालीं आपल्या ग्रंथांत तिला उत्तर दिलें, आणि तें तर्कानें न देतां नोंदवह्यांच्या आधारें दिलें. ज्या कागदांवर हा वाद उभा आहे त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी एवढाच आमचा हेतु आहे. आमचें मत प्रारंभींच सांगतों: कागदानें कुटुंब निर्माण केलें नाहीं, पूर्वींच असलेल्या कुटुंबानें संधि मिळतांच कागद करवून घेतला.

पहिला मान विवाहाच्या नोंदवह्यांस दिला पाहिजे. मिसिसिपी नदीकांठीं व्हिक्सबर्ग, नॅचेझ व डेव्हिस बेंड या ठिकाणीं उत्तरेच्या सैन्याच्या छावण्यांभोंवतीं पळून आलेले दास हजारोंनीं जमले होते. तेथें १८६४-६५ मध्यें लष्करी पाद्र्यांनीं त्यांचे विवाह लावले व नोंदवह्या ठेविल्या. डेव्हिस बेंड ही जागा तर बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्या वडील भावाची. वह्यांतील रकाने लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. वधूवरांचें नांव, वय, वर्ण, आईबापांचा वर्ण. पूर्वीं दुसऱ्या कोणाशीं संसार केला असल्यास किती वर्षें. तो कशानें तुटला. या जोडप्यास मुलें किती, पूर्वींच्या संसारांतील किती. ‘कशानें तुटला’ या रकान्यांत मृत्यु हें उत्तर वारंवार येतें, आणि त्याच्याच जोडीला धन्यानें विकलें किंवा बळजबरीनें वेगळें केलें हेंहि येतें. मिसिसिपी, टेनेसी व लुइझियाना येथील अशा २,८८८ संसारांची मोजदाद जॉन ब्लासिंगेम यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत जवळजवळ एक तृतीयांश संसार धन्यांनीं मोडलेले निघाले. हा आंकडा दोन्ही बाजूंनीं वाचला पाहिजे. तिहांतील एक घर धन्याच्या इच्छेनें मोडत होतें, ही क्रूरता तर उघडच आहे. पण मोडलेल्या घराचीं वर्षें व त्यांतील मुलें मोजून सांगणारीं माणसें तें घर घरच मानीत होतीं, हेंहि त्याच ओळींत लिहिलें आहे. ज्यास आपण विवाहितच नव्हतों असें वाटतें तो पूर्वविवाहाच्या रकान्यांत कांहीं लिहवीत नाहीं.

युद्ध संपतां संपतां, ३ मार्च १८६५ रोजीं, काँग्रेसनें युद्धखात्याच्या हाताखालीं एक नवें खातें काढलें. त्याचें नांव लांबलचक आहे. लोक त्यास फ्रीडमेन्स ब्यूरो म्हणत, व आम्हीहि तसेंच म्हणूं. जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड त्याचा मुख्य. १८७२ सालीं तें बंद झालें. सात वर्षांच्या या खात्यानें मागें ठेवलेलें दप्तर मात्र अफाट आहे: करारनामे, शिधावाटपाच्या याद्या, शाळांचे अहवाल, मारहाणीच्या फिर्यादी, नातलगांचे शोध. व्हर्जिनिया संस्थानानें २७ फेब्रुवारी १८६६ रोजीं, एकत्र नांदणारीं जोडपीं कायदेशीर पतिपत्नी होत, असा कायदा केला. त्यानंतर ब्यूरोच्या अधिकाऱ्यांनीं तेथें ज्या वह्या भरल्या त्यांत उभयतांचीं नांवें, वयें, जन्मस्थान, धंदा, शेवटचा धनी व त्याचें गांव, मुलांचीं नांवें व वयें, आणि एकत्र नांदण्यास केव्हां प्रारंभ झाला ती तारीख, इतकें सर्व आहे. आमच्याकडील एखाद्या वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवाद्यांनीं सादर केलेली वंशावळ जितकी मोलाची, तितकी ही एकेक ओळ मोलाची आहे. फरक इतकाच कीं, येथें वतन कांहींच नाहीं.

उत्तर कॅरोलायनाचा १० मार्च १८६६ चा कायदा याच जातीचा. पण त्यांत जोडप्यानें स्वतः कारकुनाकडे किंवा न्यायाधिकाऱ्याकडे जाऊन कबुली द्यावी, व फी पंचवीस सेंट भरावी, असें होतें. त्या वेळच्या शेतमजुरास पंचवीस सेंट ही नगण्य रक्कम नव्हती. तरी लोक गेले. कबुलींत किती वर्षांपासून एकत्र आहों हें सांगावें लागे, व वीस-वीस, तीस-तीस वर्षें सांगणारे कितीतरी निघाले. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचा विवाह त्या दिवशींचा. त्यांच्या स्वतःच्या हिशेबानें तो पाव शतकापूर्वींचा. कारकुनास हा हिशेब लिहून घ्यावा लागला.

परंतु सर्व गांठी अशा सरळ सुटल्या नाहींत. बायको विकली गेली, नवऱ्यानें पुढें दुसरा संसार केला, आणि मुक्तीनंतर पहिली परत आली, तर काय? जनरल रूफस सॅक्स्टन यांच्या हाताखालीं दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लॉरिडा या प्रांतांसाठीं ऑगस्ट १८६५ मध्यें विवाहाचे जे नियम निघाले त्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष घेतला आहे. एकटा राहणाऱ्या पुरुषाकडे मुक्तीमुळें दोन बायका परत आल्यास, जिच्यापासून अज्ञान मुलें आहेत ती त्यानें पत्करावी, असा त्यांचा रोख आहे. नियम करणारास दुसरें काय करतां आलें असतें हें आम्हांस सुचत नाहीं. पण नाकारली गेली त्या स्त्रीचें नांव कोणत्याच वहींत चढलें नाहीं, हें संशोधकानें ध्यानांत ठेवावें. नोंदवही ही ज्यांचें जमलें त्यांची असते.

ज्यांचीं माणसें परत आलींच नाहींत त्यांनीं शोध मांडला. फिलाडेल्फियांतील ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’, नॅशव्हिलचें ‘कलर्ड टेनेसियन’ आदि पत्रांत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या पत्रानें १८७७ पासून याकरितां एक सदरच चालविलें. एका पत्रास पन्नास सेंट आकार, व धर्मोपदेशकांनीं तीं पत्रें प्रार्थनेच्या वेळीं मोठ्यानें वाचून दाखवावींत अशी सूचना. विसाव्या शतकाच्या आरंभींहि हें सदर चालू होतें! या जाहिरातींची घडण ठराविक आहे: आईचें नांव, तिचा धनी, भावंडांचीं नांवें वडीलधाकट्या क्रमानें, कोणास कोणी कोणत्या सालीं विकलें, तो कोणत्या प्रांतीं घेऊन गेला. म्हणजे लिहितां न येणारीं माणसें वीस-तीस वर्षें आपली वंशावळ तोंडपाठ ठेवीत होतीं. भाटांच्या वह्यांवर जगलेल्या आम्हां लोकांस या स्मरणशक्तीचें आश्चर्य वाटूं नये, परंतु भाटास त्याबद्दल बिदागी मिळे.

ब्यूरोच्या दप्तरांतील एकच पत्र नमुन्यादाखल सांगतों. ११ मे १८६७ रोजीं टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनहून हॉकिन्स विल्सन या गृहस्थानें रिचमंड येथील अधिकाऱ्यास लिहिलें. आपल्यास विकून चोवीस वर्षें झालीं. व्हर्जिनियांतील कॅरोलाइन परगण्यांत आपले आप्त होते. त्यांचा शोध करावा. पुढें बहिणी व इतर आप्त यांचीं नांवें, आणि कोण कोणत्या धन्याकडे होतें याचा तपशील. सोबत बहीण जेन हिला एक निराळें पत्र जोडलें होतें. त्यांत आपला धाकटा भाऊ कसा वाढला, त्यानें लग्न केलें, तो देवाधर्माचा झाला, इत्यादि मजकूर होता. हें आंतलें पत्र ब्यूरोच्याच कागदांत राहिलें. तें जेन हिच्या हातीं पडलें असतें तर आज तेथें नसतें. दप्तरांत जें टिकलें तें पुष्कळदां न पोंचल्यामुळें टिकलें, हा अनुभव आमच्या पत्रसंग्राहकांसहि नवा नाहीं.

याहून निराळ्या जातीचें पण फार गाजलेलें पत्र जॉर्डन अँडर्सन यांचें. ७ ऑगस्ट १८६५ रोजीं ओहायोमधील डेटन गांवाहून त्यांनीं तें टेनेसींतील आपला जुना धनी कर्नल पी. एच्. अँडर्सन यास उद्देशून सांगितलें. धन्यानें परत कामास बोलाविलें होतें, त्याचें हें उत्तर. येथें आपणास महिना पंचवीस डॉलर पडतात, बायको मँडी हिला लोक मिसेस अँडर्सन म्हणतात, मुलें शाळेंत जातात. तरी यावयाचें असेल तर आधीं मागील पगार चुकता व्हावा, असा त्याचा सूर. पत्र सिनसिनाटीच्या एका वृत्तपत्रांत व त्याच महिन्यांत ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ मध्यें छापून आलें. मूळ हस्तलेख नाहीं, विनोद तिखट, आणि प्रसिद्धीचा काळ राजकीय झटापटीचा; तेव्हां तें एखाद्या पत्रकारानें रचलें असावें अशी शंका घेणें रास्तच होतें. पण शंका घेऊन थांबतां येत नाहीं. १८७० च्या खानेसुमारींत हें कुटुंब डेटन येथें सांपडतें. पगार ज्यांच्यामार्फत पाठवावा म्हणून पत्रांत सांगितलें आहे ते व्हॅलेंटाइन विंटर्स डेटनचे सावकारच होते. आणि पत्रांतील हिशेब आम्हीं स्वतः मांडून पाहिला: जॉर्डन यांचीं बत्तीस वर्षें, महिना २५ डॉलरप्रमाणें ९,६००, मँडी यांचीं वीस वर्षें, आठवड्यास २ डॉलरप्रमाणें २,०८०, एकूण ११,६८०. पत्रांतहि हीच बेरीज आहे. यांतून कपडेलत्ते, डॉक्टरच्या तीन फेऱ्या व मँडीचा एक दांत काढल्याचा खर्च वजा घालावा, अशी सवलतहि दिली आहे. भाषेवर लेखनिकाचा हात फिरला असेल. परंतु व्यक्ति खऱ्या, गांव खरें, हिशेब खरा. आम्ही हें पत्र अस्सल मानतों. त्यांत बायकोचा पगार स्वतंत्र धरला आहे, हें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. दास्यांत तिच्या श्रमास मोल होतें, पण तें धन्याचें.

आतां मुलांचा विषय. येथें कागदाचा प्रश्न जीवनमरणाचा होता. मेरिलँड संस्थानांत १ नोव्हेंबर १८६४ रोजीं दास्य संपलें, आणि पुढील कांहीं आठवड्यांत हजारों मुलें न्यायालयांमार्फत ‘उमेदवार’ म्हणून बहुतेक जुन्याच धन्यांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. आईबाप पोसण्यास असमर्थ आहेत, एवढें म्हटलें कीं झालें. मिसिसिपीनें नोव्हेंबर १८६५ मध्यें केलेल्या कायद्यांत तर अशीं मुलें देतांना पूर्वींच्या धन्यास अग्रहक्क ठेवला होता. या कराराविरुद्ध आईबापांनीं ब्यूरोकडे केलेल्या तक्रारींनीं दप्तरें भरलीं आहेत. अर्ज कोणत्या नात्यानें करावयाचा? आई म्हणून, बाप म्हणून. आणि तें नातें सिद्ध करावयास विवाहाची नोंद लागे. जोडप्यांनीं पंचवीस सेंट कां खर्च केले याचें एक उत्तर येथें मिळतें. मेरिलँडमधील एलिझाबेथ टर्नर ही मुलगी नोव्हेंबर १८६४ मध्यें फिलेमन हॅम्बल्टन या जुन्या धन्याकडेच बांधली गेली होती. तिच्या प्रकरणाचा निवाडा ऑक्टोबर १८६७ मध्यें मुख्य न्यायाधीश सॅमन चेस यांनीं दिला. गोऱ्या उमेदवारास शिक्षण देण्याची अट करारांत असे, ती या करारांत नव्हती. तेव्हां हा करार तेरावी दुरुस्ती व १८६६ चा नागरिक हक्कांचा कायदा या दोहोंविरुद्ध होय, असें त्यांनीं ठरविलें. मुलगी सुटली.

जमिनीविषयीं विस्तार करीत नाहीं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जनरल शर्मन यांच्या १६ जानेवारी १८६५ च्या हुकुमानें किनाऱ्यालगत सुमारें ४०,००० माणसें कुटुंबवार जमिनीवर बसलीं. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनीं त्याच वर्षीं जमिनी जुन्या मालकांस परत देवविल्या. ही वार्ता सांगण्यास हॉवर्ड ऑक्टोबरमध्यें एडिस्टो बेटावर गेले, तेव्हां हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री व येट्स सॅम्पसन या तिघांच्या समितीनें त्यांस व अध्यक्षांस जे अर्ज केले ते आज उपलब्ध आहेत. शुद्धलेखन कच्चें, युक्तिवाद पक्का. डेव्हिस बेंडचा मळा तेथलाच पूर्वींचा दास बेंजामिन माँटगोमेरी यानें १८६६ सालीं तीन लक्ष डॉलरांस उधारीनें घेतला. नदीच्या पुरांनीं व कापसाच्या मंदीनें तो बुडाला, व १८८१ सालीं मळा पुन्हां डेव्हिस घराण्याकडे गेला. त्याचा मुलगा आयझाया यानें १८८७ मध्यें माउंड बायू हें गांव वसविलें.

वंशावळीच्या दृष्टीनें सर्वांत संपन्न कागद मात्र एका पेढीचे आहेत. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक ही ३ मार्च १८६५ रोजींच सनद मिळून निघाली. पुढें तिच्या सदतीस शाखा झाल्या. ठेवीदारांपैकीं पुष्कळांस सही येत नसे. ते फुलीची निशाणी करीत. आमच्या कुणब्याच्या नांगर-निशाणीसारखीच ती. फुल्या सर्वांच्या सारख्या. तेव्हां उद्यां पैसे काढण्यास येणारा माणूस तोच हें ओळखावें कसें? पेढीनें युक्ति काढली ती अशी कीं, खातें उघडतांना त्यास जन्मस्थान, वाढला तें ठिकाण, धंदा, नवरा-बायको, मुलें, आईबाप, भाऊबहिणी, आणि आरंभींच्या वह्यांत जुना धनी व मळा, शिपाई असल्यास पलटण, हें सारें विचारून लिहून ठेवावें. सावकारी सावधगिरीपायीं इतिहासाचा एवढा लाभ क्वचितच झाला असेल. विकून दूर नेलेल्या, कित्येक वर्षें न पाहिलेल्या भावंडांचीं नांवेंहि लोकांनीं या वह्यांत सांगितलीं आहेत.

पेढीचा शेवट मात्र वाईट झाला. १८७० सालीं सनद बदलून ठेवी जमिनीच्या तारणावर कर्जाऊ देण्याची मोकळीक घेतली गेली, वजनदार लोकांनीं हात धुऊन घेतले, १८७३ ची मंदी आली. फ्रेडरिक डग्लस यांस मार्च १८७४ मध्यें अध्यक्ष केलें तेव्हां आंत कांहीं उरलें नव्हतें. २९ जून १८७४ रोजीं पेढी बंद पडली. ६१,१४४ ठेवीदारांचे जवळजवळ तीस लक्ष डॉलर अडकले. पुढें हप्त्यांनीं कांहींना रुपयास दहा आणे या मानानें रक्कम मिळाली, कित्येकांस कांहींच नाहीं. पैसे गेले, वह्या राहिल्या. एकोणतीस शाखांच्या वह्या आज आहेत.

आडनांवांविषयीं एक इशारा. मुक्त झालेल्यांनीं शेवटच्या धन्याचें आडनांव घेतलें असा सर्रास समज आहे. त्यावर विसंबून धन्याचें दप्तर शोधावयास निघालेला मनुष्य फसतो. पुष्कळांनीं आजा-पणजाच्या धन्याचें, आपसांत गुपचूप चालत आलेलें नांव प्रकट केलें. कित्येकांनीं नवेंच घेतलें. बुकर वॉशिंग्टन यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे कीं, शाळेंत हजेरीच्या वेळीं आडनांव विचारलें तेव्हां त्यांनीं तेथल्या तेथें वॉशिंग्टन असें सांगून टाकलें. आईनें आपणास तालियाफेरो असें नांव ठेविलें होतें हें त्यांस मागाहून कळलें.

शेवटचा वर्ग पेन्शनच्या बाडांचा. युद्धांत सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी शिपाई लढले. ज्या विवाहास कायदाच मान्यता देत नव्हता त्याचा दाखला शिपायाच्या विधवेनें कोठून आणावा? ४ जुलै १८६४ च्या कायद्यानें, भरतीपूर्वीं निदान दोन वर्षें हीं दोघें परस्परांस पतिपत्नी मानून राहत होतीं एवढें विश्वसनीय साक्षीदारांच्या प्रतिज्ञालेखांनीं शाबीत केलें तरी पुरे, असें ठरलें. १८६६ मध्यें मुदतीची अटहि सैल झाली. मग साक्षीदार आले: एकाच मळ्यावर वाढलेले सोबती, सुइणी, कधीं जुना धनी स्वतः. लग्न कोणी लावलें, कोणत्या झोपडींत लागलें, पहिलें मूल कोणत्या पिकाच्या वेळीं झालें, असे प्रश्न व त्यांचीं उत्तरें. गोतसभेपुढील महजर वाचीत आहों असा भास होतो. विधवेच्या चारित्र्याची चौकशी करणारा अधिकारी पुष्कळदां उद्धट आहे. त्याच्या उद्धटपणानेंच मजकूर वाढला आहे.

हा विषय महाराष्ट्रास अगदींच परका नव्हता. जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं, म्हणजे वरील वह्या भरल्या जात होत्या त्याच सुमारास, अमेरिकेंत दास्यविमोचनाच्या कामीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें आहे.

ब्यूरोचें दप्तर आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे. त्यांतील नांवांची सूचि स्वयंसेवकांनीं २०१५-१६ मध्यें पुरी केली. ती जवळजवळ अठरा लक्ष नांवांची भरली. बँकेच्या वह्यांची सूचि २००१ सालीं प्रसिद्ध झाली. ती करण्यास अकरा वर्षें लागलीं, व तें काम यूटा संस्थानांतील तुरुंगांत कैद्यांनीं आपखुशीनें केलें. आज जो कोणी आपल्या पणज्याचा माग काढीत १८७० च्या खानेसुमारीपर्यंत येतो, तो येथून मागें जाण्यासाठीं प्रथम या दोन सूच्या उघडतो. आणि नांव सांपडल्यास तेथें लिहिलेल्या धन्याच्या नांवावरून १८६० च्या त्या निनांवी तक्त्यांतील वय, लिंग व वर्ण यांची एक ओळ ओळखून काढतो.